त्रेचाळीस सभ्य गृहस्थ

दर शुक्रवारी सकाळी मार्लो गावच्या टपाल कचेरीत माझ्या पिशवीत अकरा तपकिरी पाकिटं पडायची. सगळी एका जाडीची. गावातल्या घर-दलालांच्या मंडळाचं ते साप्ताहिक पुस्तक. त्या आठवड्यात कुठलं घर विकायला निघालं, खोल्या किती, तळघर कोरडं की ओलं, किल्ली कुणाकडे, मालक किती खाली उतरेल, हे सगळं त्यात छापलेलं असायचं. मंडळाचे सभासद त्रेचाळीस. त्यांतल्या अकरा जणांच्या कचेऱ्या माझ्या वाटेवर होत्या. प्रत्येक ठिकाणी मी पाकीट टेबलावर ठेवायचो, नमस्कार करायचो आणि पुढे जायचो. दुपारी घरी जेवायला बसायचो तो बायकोसमोर. तिला ते पुस्तक बघायची बंदी होती.

माझी बायको अर्डेलिया टॉलिव्हर. ओहायो राज्याने परीक्षा घेऊन तिला घरं विकायचा परवाना दिला होता. आमच्या जिल्ह्यातून बसलेल्यांत ती दुसरी आली होती. परवाना तिने चौकटीत घालून स्वयंपाकघरात टांगला. मी म्हणालो, "इथे चरबीचे डाग पडतील." ती म्हणाली, "पडू देत. मी जिथे असते तिथे तो असू दे."

राज्य म्हणत होतं, बाई, तू घरं वीक. मंडळ म्हणत होतं, वीक की, पण विकायला काय आहे ते आम्ही तुला सांगणार नाही.

मंडळाच्या नियमांत लिहिलं होतं की चांगल्या चारित्र्याच्या कुणालाही सभासद होता येईल. हे चारित्र्य मी बावीस वर्षं टपाल टाकता टाकता पाहिलेलं आहे. एकाने एका विधवेची अनामत घोड्यांवर लावली आणि हरला. त्याला समज देऊन सोडलं. दुसरा विकायला काढलेल्या घराच्या पायऱ्यांवर सकाळी नऊ वाजता पिऊन पडलेला असायचा. मी त्याच्या अंगावरून पाय टाकून पत्रं पेटीत टाकलेली आहेत. तो मंडळाचा खजिनदार होता.

अर्डेलियाने पहिला अर्ज केला तेव्हा सांगण्यात आलं की दोन सभासदांच्या सह्या लागतात. सही कुणी देईना. दुसऱ्या वर्षी कळलं की कचेरी बाजाररस्त्यावर हवी, स्वयंपाकघरातून धंदा चालणार नाही. तिने बाजाररस्त्यावर आमच्या चर्चमधल्या ब्रदर लेमच्या केशकर्तनालयाची पुढची अर्धी खोली भाड्याने घेतली, टेबल मांडलं, पाटी लावली. तिसऱ्या वर्षी पत्र आलं की अर्जदाराच्या कचेरीत न्हावी बसतो आणि ते मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. खजिनदार शोभत होता.

चौथ्या वेळी ती स्वतः गेली. मंडळाची महिन्याची बैठक गावातल्या मोठ्या हॉटेलात जेवणावर व्हायची. समोरच्या दारातून आमच्या काळ्या लोकांना आत सोडत नसत. दरवानाने तिला मागे मुदपाकखान्याकडे पाठवलं. तिथला स्वयंपाकी एझेल आमच्याच चर्चचा. त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

"बसा सिस्टर. आत ते जे खातायत ते मीच केलंय. तुम्ही आधी खा."

"त्यांच्या आधी खाल्लं तर तुमची नोकरी जाईल, ब्रदर."

"त्यांना कळलं तर ना. चव त्यांना कधीच कळली नाही."

सव्वा तासाने मंडळाचे सचिव वेंडेल क्राऊस बाहेर आले. गळ्यात रुमाल तसाच. भांडी घासायच्या मोरीशेजारी उभं राहून त्यांनी तिला सांगितलं, "अर्डेलिया, आमच्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. मतदान गुप्त असतं. कोण विरोधात आहे ते मलाही माहीत नाही."

"बेचाळीस जण तुम्हाला माहीत नसतील, मिस्टर क्राऊस," ती म्हणाली. "एक तरी माहीत असेल."

ते हसले. या लोकांना हसायला छान येतं. त्रेचाळिसातल्या एकानेही माझ्या बायकोला कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, दारात कचरा टाकला नाही. हे सगळे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे. ते फक्त जेवायला जमायचे आणि जेवण झाल्यावर मत द्यायचे.

त्यांच्यात एक हार्लन स्टिट होता. तो भला माणूस म्हणून प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात मला थंड पाणी द्यायचा, तेही स्वतःच्या पेल्यातून. तो मला म्हणायचा, "ल्यूशस, मी आज सही करतो रे तुझ्या बायकोच्या अर्जावर. पण माझी मुलं लहान आहेत." त्याची मुलं मोठी झाली, एकाचं लग्न झालं, तरी ती लहानच राहिली.

पुस्तकाशिवाय अर्डेलियाने धंदा कसा केला ते सांगतो. गुरुवारी दुपारी गोऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांना सुटी असायची. चर्चच्या पाचसहा जणी आमच्या स्वयंपाकघरात जमायच्या. कुणी मक्याचा ब्रेड आणायची, कुणी कॉलर्डची भाजी निवडायला घ्यायची. अर्डेलिया शाळेची वही घेऊन मधे बसायची.

"आमच्या बाईने पडदे काढले," सिस्टर पर्लीन म्हणाली. हे १९६१ सालच्या जानेवारी महिन्यातलं.

"धुवायला?"

"धुवायला नाही. खोक्यात भरायला. मुलगी बोलावतेय टोलेडोला."

"आणि साहेब काय म्हणतात?"

"साहेब जाऊन दोन वर्षं झाली की गं. आता फोटो काय म्हणतो ते म्हणतो."

दुसरी म्हणाली, "आमच्याकडे दोघांचं बोलणं बंद आहे. एक तर घर विकायला निघेल, नाहीतर नवरा."

"नवऱ्याला गिऱ्हाईक नाही सध्या," अर्डेलिया लिहिता लिहिता म्हणाली. "पर्लीन, तुमच्या बाईंच्या तळघरात ओल?"

"ओल असती तर मला ठाऊक नसतं? मी पुसते ते. ठणठणीत कोरडं आहे."

"छप्पर?"

"साहेबांनी मरायच्या आधल्या वर्षी नवं घातलं. बिचाऱ्याने त्याखाली एक हिवाळा काढला."

पुस्तकात जे शुक्रवारी छापून यायचं ते आमच्या टेबलावर गुरुवारीच आलेलं असायचं. या बायकांना त्या घरांच्या भिंती, पाइप, मोऱ्या सगळं माहीत होतं, कारण तीस वर्षं त्या ते सगळं घासत होत्या. पण त्यांच्या या माहितीने अर्डेलियाला दार उघडत नव्हतं. किल्ली मंडळाकडे होती. घर एकदा पुस्तकात गेलं की ते दाखवायचा हक्क सभासदांचा.

त्या उन्हाळ्यात तिला एक घर खरोखरच हवं होतं, ते थेरॉन बास्कमसाठी. थेरॉन ओतकाम कारखान्यात कामाला. बायको मोझेल, दोन मुली आणि आई. आईला सगळं चर्च मदर बास्कम म्हणायचं. तिची नजर जवळजवळ गेली होती. सरकारने नवा हमरस्ता आखला तो बरोबर आमच्या लोकांच्या मिल स्ट्रीटवरून. गावात रिकामी शेतं बक्कळ होती, पण रस्त्याला आमचीच घरं आवडली. बास्कम मंडळींना तीस जूनपर्यंत घर खाली करायचं होतं. भाड्याने कुणी देत नव्हतं. थेरॉनकडे साठवलेले पैसे होते आणि क्लीव्हलंडमधल्या आमच्या लोकांच्या पतपेढीचं कर्जाचं पत्र होतं.

पर्लीनची बाई म्हणजे लिंडन स्ट्रीटवरच्या मिसेस हॅव्हर्टी. तीन खोल्या वर, दोन खाली आणि मुख्य म्हणजे खालच्या मजल्यावर संडास. मदर बास्कमला जिना चढता येत नव्हता. घर चार महिने क्राऊसच्या नावाने पुस्तकात पडून होतं. मागितलेली किंमत अकरा हजार डॉलर. कुणी फिरकलं नव्हतं.

अर्डेलिया पुढच्या दारी गेली. दार पर्लीननेच उघडलं आणि आतल्या खोलीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "मिसेस टॉलिव्हर आल्यात." त्या घरात आमच्यापैकी कुणाला मिसेस म्हणण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मिसेस हॅव्हर्टी वाईट नव्हती. तिने बसायला सांगितलं, पतपेढीचं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पूर्ण अकरा हजार?"

"पूर्ण."

"मला काही हरकत नाही हो. पण शेजारी काय म्हणतील? चाळीस वर्षं राहिले मी इथे."

"तुम्ही तर टोलेडोला चाललात."

"हो, पण ख्रिसमसची कार्डं येतात ना त्यांची."

कार्डांचा विचार करत तिने क्राऊसना फोन लावला. थोडं बोलून फोन अर्डेलियाच्या हातात दिला.

"अर्डेलिया, तू सभासद नाहीस," क्राऊस म्हणाले. "सभासद नसलेल्याबरोबर आम्हाला दलाली वाटून घेता येत नाही. नियम आहे."

"मला दलाली नको. सगळी तुम्ही ठेवा."

"म्हणजे फुकट?"

"फुकट."

"असं कुणी करत नाही."

"मी करते आहे."

"मग ह्यात काहीतरी गडबड असणार. आणि हे बघ, प्रश्न दलालीचा नाहीच. त्या गल्लीतल्या लोकांचा आमच्यावर विश्वास आहे. त्यांच्या मालमत्तेचं नुकसान होईल असा माणूस आम्ही तिथे आणायचा नाही, हाही नियमच आहे."

"थेरॉन बास्कमने आजवर कुणाचं काय नुकसान केलंय?"

"तू उगाच मनाला लावून घेतेस," क्राऊस म्हणाले आणि फोन ठेवला.

मिसेस हॅव्हर्टी म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या, तोवर मी विचार करते." पर्लीनने दारापर्यंत येऊन हळूच सांगितलं, "ती विचार करत नसते गं. ती वाट बघते, दुसऱ्या कुणी करावा म्हणून."

त्या शुक्रवारी मी एक चूक करायला निघालो होतो. अकरा पाकिटांतलं एक मी मागे ठेवलं आणि दुपारी जेवायला जाताना घरी नेलं. म्हटलं, किटलीच्या वाफेवर धरलं की डिंक सुटेल, तिला हवं ते उतरवून घेता येईल, परत चिकटवून तीन वाजेपर्यंत पोचवतो. लिंडन स्ट्रीट नाही तर दुसरं घर. असेल ना कुठेतरी, पाचसहाशे घरांत एक.

अर्डेलिया कणीक मळत होती. मी पाकीट टेबलावर ठेवलं. तिने ते पाहिलं आणि हात तसेच वर धरून मागे सरली, जणू मी मेलेला उंदीर आणला होता.

"उचल ते."

"कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. तुला कळेल. बावीस वर्षांत एक पत्र इकडचं तिकडे केलं नाहीस तू."

"ते लोक तुझ्याशी कसे वागतात आणि तू—"

"ल्यूशस, ऐक. आज मला चोर म्हणायचं तर त्यांना खोटं बोलावं लागतं. हे मी पाहिलं की उद्या त्यांचं खरं होईल. एवढी एक गोष्ट आहे माझ्याजवळ त्यांच्यापेक्षा जास्त. ती तूच त्यांना देणार आहेस का?"

मी न जेवता उठलो. पाकीट नेऊन दिलं. ते स्टिटचं होतं. तो म्हणाला, "आज उशीर केलास, ल्यूशस," आणि मला पाणी दिलं.

दोनच दिवसांत क्राऊस लिंडन स्ट्रीटवर गेले. बरोबर त्यांचा मेहुणा. चहा ओतत असलेल्या पर्लीनने सगळं ऐकलं. या लोकांना वाटतं, चहा आणणाऱ्या बाईला कान नसतात. क्राऊस म्हणाले, "बाई, गोष्ट पसरली आहे. तुमच्या पुढच्या दारातून एक काळी बाई बाहेर पडताना लोकांनी पाहिली. आता ह्या गल्लीचा भाव राहत नाही. अकरा विसरा. माझा मेहुणा साडेनऊ देतोय, रोख, या आठवड्यात. तुमच्यावरच्या आपुलकीने."

म्हणजे अर्डेलिया पूर्ण किंमत घेऊन त्या दारात उभी राहिली, तेच कारण सांगून त्यांनी किंमत पाडली. म्हातारीने सही केली. तिला वाटलं, आपण वाचलो. जाताना तिने पर्लीनला जुने पडदे दिले.

आणि आता क्राऊससाहेबांच्या नियमाचं काय झालं ते ऐका. आठवडाही झाला नाही तोच थेरॉनला मेहुण्याचा निरोप आला. लिंडन स्ट्रीटवर एक घर आहे, काळ्या माणसालाही मिळेल, किंमत साडेपंधरा हजार, हप्त्याने, बँकेची भानगड नाही. ज्या गल्लीचा विश्वास जपायचा होता तीच ही गल्ली. ती कितीला विकायची ते ठरायचं बाकी होतं, तोवर तिचं पावित्र्य होतं.

थेरॉन आणि मोझेल आमच्याकडे आले ते खाली मान घालून.

"सिस्टर, आम्हाला कळतं की हे बरं नाही," मोझेल म्हणाली. "पण आज सोळा तारीख. आमच्या शेजारची तीन घरं पाडून झाली. मुलींच्या केसांत सारखी धूळ. आई रात्रंदिवस विचारते, कसला आवाज येतोय."

"सही करायची तर करा," अर्डेलिया म्हणाली. "पण मला बरोबर न्या. कागद मला वाचू द्या."

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी ते क्राऊसच्या कचेरीत गेले. मदर बास्कमही हट्टाने आली. मी कामावर होतो. जे झालं ते मला अर्डेलियाने सांगितलं, थेरॉनने सांगितलं आणि मदर बास्कमने पुढचे सात महिने रोज सांगितलं.

कचेरीत क्राऊस होते, साक्षीदार म्हणून स्टिट होता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मेहुणा. मेहुणा मंडळाचा सभासद नव्हता. त्याच्याकडे राज्याचा परवानाही नव्हता. त्याचा धंदा जुन्या मोटारींचा. त्याच्या मांडीवर मंडळाचं पुस्तक उघडं पडलेलं होतं आणि तो बोटाला थुंकी लावून पानं उलटत होता.

अर्डेलियाने आधी त्या पुस्तकाकडे पाहिलं, मग क्राऊसकडे.

क्राऊसना ते समजलं. ते लगेच उठले, तिला खिडकीपाशी बाजूला घेतलं आणि खणातून एक कागद काढला. तिच्या सभासदत्वाचा अर्ज होता तो. खाली दोन सह्या, शाई वाळलेली. एक वेंडेल क्राऊस, दुसरी हार्लन स्टिट.

"मंगळवारी बैठक आहे," क्राऊस म्हणाले. "मी स्वतः मांडतो. मी मांडलं की होतं. हे लोक तुझं ऐकतात, अर्डेलिया. त्यांना समजावून सांग, सही करू दे. पुढच्या शुक्रवारी पुस्तक तुझ्या दारात येईल. तुझाच नवरा आणून देईल. गंमत की नाही?"

पाच वर्षं ती या कागदासाठी झटली होती. न्हाव्याशेजारी टेबल मांडून बसली होती, मोरीशेजारी उभी राहिली होती. ते पुस्तक हातात आलं असतं तर आमच्या किती लोकांना घरं मिळाली असती याचा हिशेब तिला मनाशी पाठ होता. ती मला म्हणाली, "ल्यूशस, खोटं कशाला बोलू. मी तो कागद हातात घेतला. माझं नाव टाइप केलेलं होतं, एकही चूक नव्हती."

मग ती टेबलापाशी परत आली आणि म्हणाली, "घराचा कागद द्या."

मदर बास्कम म्हणाली, "मोठ्याने वाच गं पोरी. दिसत नाही मला, ऐकू येतं."

अर्डेलियाने पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. वकिली भाषा होती. म्हातारीने तिला थांबवलं.

"हे मला चर्चमध्येही कळत नाही. सरळ सांग. हप्ते किती वर्षं?"

"सतरा."

"तोवर घर कुणाच्या नावावर?"

"त्या कोपऱ्यात बसलेल्या साहेबांच्या."

"छप्पर गळलं तर?"

"दुरुस्ती तुम्ही करायची."

"कर?"

"तुम्ही भरायचा."

"आणि थेरॉनचा कारखाना बंद पडला, एक हप्ता चुकला तर?"

"एक चुकला की घर परत त्यांचं. तोवर भरलेलं सगळं त्यांचंच. पंधरा दिवसांत बाहेर."

"सोळाव्या वर्षी चुकला तरी?"

"तरी."

म्हातारी म्हणाली, "माझ्या बापाने अलाबामात असल्याच कागदावर अंगठा दिला होता. तेव्हा जमीन होती. आता खाली संडास आहे, एवढी सुधारणा."

मेहुणा हसला. त्याला तो विनोद वाटला.

क्राऊस म्हणाले, "थेरॉन, ह्या बायका भावनेत वाहतात. तू घरचा कर्ता आहेस. तीसला तुझं घर पडणार. दुसरं कोण देतंय तुला?"

थेरॉनच्या हातात पेन होतं. तो अर्डेलियाला म्हणाला, "सिस्टर, साहेब खरं बोलतायत. मी आईला कुठे ठेवू? तेवढं सांगा. तेरा दिवस राहिले. कुठे ठेवू?"

"माझ्या घरी," अर्डेलिया म्हणाली. "समोरची खोली मोठी आहे. तुम्ही पाचही जण. घर मिळेपर्यंत."

मला तिने विचारलं नव्हतं. मी संध्याकाळी टपाल वाटून घरी आलो तेव्हा थेरॉन पलंग आत घेत होता आणि मला म्हणाला, "ब्रदर टॉलिव्हर, ती बाजू जरा धरा." मी धरली.

पण त्याआधी कचेरीत काय झालं ते राहिलं. थेरॉनने पेन टेबलावर ठेवलं. क्राऊसनी अर्डेलियासमोरचा अर्ज बोटाने हळूच स्वतःकडे ओढला. आवाज अजून गोडच.

"तुला कळतंय ना तू काय घालवते आहेस? हा कागद पुन्हा निघणार नाही."

"तुमचं पुस्तक मला आमच्या लोकांना घरं दाखवायला हवं होतं, मिस्टर क्राऊस," ती म्हणाली. "हेच लोक विकून ते घेतलं तर मग मी ते दाखवू कुणाला?"

स्टिट खिडकीतून बाहेर बघत होता. अर्डेलियाने त्याला विचारलं, "मिस्टर स्टिट, पाच वर्षं तुम्हाला सही करता आली नाही. आज कशी जमली?"

स्टिट म्हणाला, "मला वाटलं, तुझं भलं होतंय."

मदर बास्कमने काठी शोधत विचारलं, "हा कोण बोलला?"

"भला माणूस," अर्डेलिया म्हणाली. ते सगळे बाहेर पडले.

बास्कम मंडळी आमच्याकडे राहिली. न्हाणीघर एक, माणसं सात. रोज सकाळी रांग लागायची आणि मदर बास्कम आतून ओरडायची, "मी म्हातारी आहे, मी घाई करणार नाही." अर्डेलिया रोज घर शोधत होती. गुरुवारच्या बायका दर आठवड्याला काही ना काही सांगत होत्या. पण प्रत्येक घर मंडळाच्या पुस्तकात गेलेलं असायचं आणि प्रत्येक फोनवर तेच वाक्य यायचं, बाई तुम्ही सभासद आहात का.

जानेवारीच्या शेवटी मदर बास्कमला न्यूमोनिया झाला. आमच्या समोरच्या खोलीत, दुसऱ्याच्या घरात ती गेली. शेवटच्या दिवशी तिने अर्डेलियाचा हात धरून विचारलं, "हे कुणाचं घर गं?" अर्डेलिया म्हणाली, "तुमचंच, मदर." म्हातारी म्हणाली, "खोटं बोलू नकोस. सही कुणी केली?"

मार्चमध्ये एका शिंप्याने मंडळाला न विचारता स्वतःचं घर थेरॉनला विकलं. साधं खरेदीखत, पहिल्या दिवसापासून थेरॉनच्या नावावर. खालच्या मजल्यावर झोपायची खोली होती. ती मुलींना दिली.

लिंडन स्ट्रीटचं घर मेहुण्याने दुसऱ्या कुटुंबाला त्याच कागदावर विकलं. एकोणिसाव्या महिन्यात त्यांचा हप्ता चुकला. मग तिसऱ्याला विकलं. त्यांच्या मुलाचा हात यंत्रात गेला, दवाखान्यात पैसे गेले, तेही बाहेर. मग चौथ्याला. एकच घर, तीच मोरी, तेच छप्पर. या सगळ्यांची पत्रं परत पाठवायचं काम माझ्याकडे होतं. पत्ता बदललेला, नवा पत्ता माहीत नाही. मंडळाने त्या काळात क्राऊसना गावाच्या सेवेबद्दल चांदीचं तबक दिलं. वर्तमानपत्रात फोटो आला होता.

अर्डेलियाने पुन्हा अर्ज केला नाही. आसपासच्या तीन गावांतले आमचे परवानेवाले पाच जण तिने जमवले आणि कुणाकडे काय घर आहे ते एकमेकांना फोनवर सांगायचं ठरवलं. त्यावर त्यांनी थोडा धंदा केला. सात वर्षांत एकतीस घरं. एकही हप्त्याच्या कागदावर नाही. मंडळाचा एक सभासद एका वर्षात एवढी विकत असे.

१९६८ च्या ऑक्टोबरात ती गेली. हृदय. बाजाररस्त्यावर, स्वतःच्या टेबलापाशी. बावन्न वर्षांची होती. ब्रदर लेम कात्री टाकून धावला, पण उपयोग झाला नाही.

दफन झाल्यावर घरी माणसं जेवायला जमली होती. हार्लन स्टिट अंगणात आला. हातात मोठं हॅम होतं, कागदात गुंडाळलेलं. मी पायरीवर उभा होतो.

"फार चांगली बाई होती, ल्यूशस. आमच्यात कुणी नव्हतं तिच्यासारखं." मग तो म्हणाला, "आता घर विकताना रंग बघायचा नाही असा कायदा झालाय. मंडळही बदललंय. आता आम्ही तुमच्या लोकांना घेतो. तिने पुन्हा अर्ज केला असता तर मी स्वतः सही केली असती."

"केली होती तुम्ही," मी म्हणालो. "एकसष्ट साली. किती माणसांच्या बदल्यात ते आठवतंय का?"

त्याने हॅमचा कागद सारखा केला. मग म्हणाला, "माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?"

मी त्यावर विचार केला, कारण प्रश्न खोटा नव्हता. त्याच्या जागी मी कधी नव्हतो. त्याच्या जागी एक खुर्ची होती, समोर जेवणाचं ताट होतं आणि महिन्यातून एकदा सहीला हात उचलायचा किंवा उचलायचा नाही, एवढंच काम होतं. पाच वर्षांत असे साठ मंगळवार येऊन गेले. माझी बायको साठातल्या एका हाताची वाट पाहत होती.

मी त्याला आत बोलावलं नाही. हॅमही घेतलं नाही. आत थेरॉनच्या मुली ताटं मांडत होत्या, खायला पुष्कळ होतं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि फाटक हळू लावून गेला. तो कधीच कुठलं दार आपटत नसे.

गावात अजून सगळे म्हणतात की स्टिट वाईट माणूस नव्हता. मीही इतकी वर्षं त्याचं पाणी पिऊन तेच म्हणत होतो. आता मी म्हणत नाही.